पावणेपाच किलोंचा हट्ट

मिरज,
रविवार, रात्री

चि. सोनूस,


फोनवर तू "काही नाही रे मामा" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो. दादा परवा मुंबईहून आला. तुझ्या ठाण्याच्या कार्यक्रमाचं कौतुक करता करता त्याच्या तोंडून निघून गेलं, की मध्यंतरात चहाचा कप तुझ्या डाव्या हातातून सुटला आणि तू हसून म्हणालीस, "करंगळी झोपली आहे अजून." पुन्हा स्टेजवर जाण्याआधी पर्समधून गोळी काढून घेतलीस, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. तुझ्या आईला अजून काही बोललेलो नाही. पण बोलणारच नाही असा शब्द देत नाही.

मला खरं उत्तर हवं आहे. करंगळी कधीपासून बधिर होते? वाजवतानाच, की रात्री झोपेतही? शेजारचं बोटही त्यात आहे का?

खांदा सगळ्याच गिटारवाल्यांचा दुखतो, असं तू म्हणशील. खांदा भरून येणं वेगळं, बोटं बधिर होणं वेगळं. खांद्याची रग स्नायूंची असते, रात्रभराच्या झोपेने उतरते. मुंग्या येतात तेव्हा बहुतेक वेळा नस दबलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव अल्नर नावाच्या नसेकडे आहे. तिचे धागे मानेतून निघतात, कॉलरबोनच्या मागून काखेत येतात, आणि ती कोपराच्या मागून, आपटलं की झिणझिण्या येतात त्या खोबणीतून, हातात उतरते. तुझ्या गिटारचा पट्टा बसतो तो मान आणि खांदा यांच्या मधोमध. तिथे तू एका वेळी दोन-दोन तास ओझं टांगून उभी राहतेस. नस मानेपाशी दबते, कॉलरबोनपाशी दबते, की ऑफिसात दिवसभर कोपर टेबलावर टेकल्याने दबते, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि तुलाही आरशात बघून कळायचं नाही. ते डॉक्टर तपासून सांगतील. गोळीने दुखणं झाकलं जातं, नस मोकळी होत नाही. म्हणून आधी डॉक्टर. पुढचं सगळं त्यानंतरचं.

आता गिटारविषयी. गणपतीत तू इथे आली होतीस तेव्हा दादाने ती माईच्या वजनकाट्यावर ठेवली होती. पावणेपाच किलो. लेस पॉल म्हणून वजन जास्तच, पण अगदी जगावेगळं नाही. महोगनीची जाड बॉडी, वर मेपलचा थर, १९५२ पासून ही जात अशीच जड. सत्तरच्या दशकातल्या काही तर पाच किलोंच्या घरात जातात. तू पगारातून पैसे साठवून ती घेतलीस, घरात कुणाकडे एक रुपया मागितला नाहीस, याचा मला अभिमान आहे. पण तेव्हाच तू जे वाक्य म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही: "मामा, वजन आहे म्हणून तर सूर टिकतो."

यातलं अर्धं खरं आहे. ते कुठवर खरं हे तुला नीट कळावं, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्या गल्लीतली सतारमेकरांची दुकानं तू लहानपणापासून पाहिली आहेस. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ, वरची तबली पातळ. का? तारेचा आवाज हवेत पोचवायचं काम त्या लाकडालाच करायचं असतं. तार आपली शक्ती तबलीला देते, तबली हवा हलवते, आणि आपल्याला ऐकू येतं. तिथे जड लाकूड कामाचं नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये मामला उलटा. तिथे हवा हलवायचं काम अँपच्या स्पीकरकडे. पिकअपच्या चुंबकासमोर पोलादी तार हलते, गुंडाळीत वीज निर्माण होते, तीच पुढे जाते. मग तारेची शक्ती बॉडीने खाऊ नये, इतकंच हवं. लेस पॉल या माणसाने १९४० च्या सुमारास हेच ओळखलं आणि पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणून वाजवून पाहिल्या. लोकांना ते गिटारसारखं दिसेना, म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे पंख चिकटवले. सूर द्यायला तो मधला ठोकळाच पुरेसा होता.

इथपर्यंत तुझं बरोबर. पण आता हिशेब कर. तुझ्या दहा-शेहेचाळीसच्या सेटमधल्या सहाही तारांचा नटपासून ब्रिजपर्यंतचा भाग तोलला, तर तो दहा ग्रॅमच्या आसपास भरेल. दहा ग्रॅमच्या तारांसमोर तीन किलोंची बॉडी काय आणि पावणेपाच किलोंची काय! दोन्ही त्यांना डोंगरच. तार कुठे शक्ती गमावते, ते ब्रिज किती घट्ट बसला आहे आणि नेक किती ताठ आहे यावर जास्त ठरतं. जर्मनीत फ्लायशर आणि त्स्विकर या दोघांनी नव्वदच्या दशकात हे मोजलं. काही फ्रेटवर सूर लवकर मरतो, त्या जागा वादकांना माहीत असतात. तिथे तारेची शक्ती मुख्यतः नेकमध्ये झिरपते, असं त्यांना दिसलं. बॉडीचा वाटा त्यात थोडा. तुझा सातव्या फ्रेटवरचा सूर लवकर विझतो म्हणून तू कुरकुरत होतीस ना? पावणेपाच किलो असूनही विझतो.

आणखी एक गोष्ट तुझ्या बँडमधल्या मुलांना सांग. लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनेच ऐंशीच्या दशकात तिच्या महोगनीत, मेपलच्या थराखाली भोकं पाडून वजन उतरवायला सुरुवात केली, आणि त्याचा गाजावाजा केला नाही. लोक वर्षानुवर्षं त्या गिटारी वाजवत राहिले, भरीव समजून त्यांच्या सुराचं कौतुक करत राहिले. ब्रायन मेची गिटार घे. त्याने वडिलांबरोबर घरीच बनवलेली, नेक जुन्या शेकोटीच्या महोगनीचा, बॉडी आतून बरीचशी पोकळ. फ्रेडी मर्क्युरी शिकला ती पाचगणीची शाळा दाखवायला मी तुम्हा पोरांना नेलं होतं, त्याच्या क्वीन बँडचा बराचसा गाजलेला आवाज याच पोकळ गिटारचा. आणि तुझा जिमी पेज! तू त्याच्या फोटोतली लेस पॉल पाहून वेडी झालीस. लेड झेपलिनचा पहिला अल्बम बहुतेक टेलिकास्टरवर वाजवलेला आहे, आणि 'स्टेअरवे टू हेवन'मधला सोलोही टेलिकास्टरवरच.

याचा अर्थ लाकडाला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. दोन गिटारी कधी एकसारख्या वाजत नाहीत, आणि हाताला एखादी का आवडते हे काट्यावर कळत नाही. पण तुझ्या जाड टोनचं श्रेय हंबकर पिकअपला, अँपला, तारांना, आणि सर्वांत आधी तुझ्या बोटांना. तीच बोटं बधिर होत आहेत, सोनू.

मला वाटतं, वजनाचा हा हट्ट तुझा टोनसाठी नाही. पहिल्या तालमीला कुणीतरी म्हणालं होतं, "ही हिला पेलणार नाही, हलकी बघ एखादी." तू घरी येऊन सांगितलं होतंस आणि डोळे भरले होते तुझे. तेव्हापासून ती पेलून दाखवणं हेच काम झालं आहे. बाळा, ते झालं दाखवून. ठाण्याला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं दादा सांगतो. त्यांच्यातल्या एकानेही वजन विचारलं नसेल.

मी इतकं का लावून धरलं आहे, ते तुला ठाऊक नाही. घरात ते कुणीच धड बोलत नाही. ऑर्केस्ट्रात असताना आम्ही सांगली, इचलकरंजी, निपाणीला रात्र रात्र उभे असायचो. माझी गिटार इथेच कुणीतरी भरीव सागवानात बनवलेली, पट्टा रेक्झिनचा, दोन बोटं रुंद. खांद्यावर वळ उठायचा, पुढे हात जड व्हायचा, पुढे बोटांना मुंग्या. अण्णांना गाणंबजावणं पसंत नव्हतं. दुखतं म्हटलं तर "सोडून दे" म्हणतील, म्हणून मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरही तेच म्हणतील या धास्तीने तिकडेही फिरकलो नाही. शेवटी बार कॉर्ड धरला की पहिलं बोट दाबायचं, पण करंगळी जागेवर पोचायची नाही. एके रात्री गाणं चालू असताना मी नुसता हात हलवत उभा राहिलो आणि कीबोर्डवाल्याने सांभाळून घेतलं. त्यानंतर मी गेलो नाही. लोकांना वाटतं, लग्न झालं, नोकरी लागली, म्हणून सोडली. तुझ्या आईलाही तसंच वाटतं. दुखणं तेव्हाच दाखवलं असतं तर आज मी तुझ्याबरोबर वाजवत असतो, ही सल मला आहे, आणि तू वाजवतेस तेव्हा ती जास्त टोचते.

म्हणून पुन्हा विचारतो, अनामिकाही बधिर होते का?

आता थोडं कामाचं. डॉक्टर सांगतील तितके दिवस वाजवू नकोस. परवानगी दिली की आधी बसून वाजव, तालीम तरी बसूनच. पट्टा चार बोटं रुंद घे, आतून खरखरीत चामड्याचा, म्हणजे घसरत नाही. आणि तो वर घे. गुडघ्याशी लोंबणारी गिटार फोटोत छान दिसते, पण डावं मनगट त्यात पार मुडपतं. हलकी गिटार बघायला जाशील तेव्हा नुसतं वजन पाहू नकोस. एसजी हलकी असते, पण तिचा पट्टा नेकच्या मुळाशी अडकतो आणि उभं राहिलं की नेक खाली झुकतो. तो सावरायला डावा हात लागतो. तुझ्या हाताला हे आणखी वाईट. स्ट्रॅटोकास्टरचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेलं असतं, तोल चांगला राहतो, आणि मागची बाजू बरगडीसाठी कोरलेली असते. १९५४ मध्ये ती निघाली तेव्हा वादकांच्या तक्रारी ऐकूनच फेंडरने ते केलं. साडेतीन किलोंच्या आतली शोध, ब्रिजपाशी हंबकर असलेली. दुकानात ती गळ्यात अडकवून दोन्ही हात सोड. नेक जिथल्या तिथे राहिला तरच पुढचं बोलणं. घेतलीस की पिकअपची उंची स्वतः लाव. फार जवळ आणलं की चुंबक जाड तारांना ओढतो, सूर डळमळतो आणि लवकर मरतो. टिकणारा सूर हवा ना, तो तिथे अर्ध्या स्क्रूवर मिळतो.

लेस पॉल विकू नकोस. ती तुझ्या स्वतःच्या पगाराची आहे. घरी मांडीवर घेऊन वाजव, रेकॉर्डिंगला वापर. नवी घ्यायला पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, आणि मामाकडून घेताना संकोच कसला.

रागावून लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता तुझी पाच वर्षांची करंगळी आठवली, माईच्या तंबोऱ्याची तार छेडून दचकलेली. तू वाजवणं सोडावंस म्हणून हे पत्र नाही. तू साठीतही वाजवावंस, आणि मी असलो तर पहिल्या रांगेत बसून ऐकावं, इतकीच इच्छा आहे.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, चार दिवस रजा काढून इकडे आलीस तर उत्तम. नाहीतर मुंबईत वेळ घे आणि तारीख कळव. मी आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघेन, सकाळी दादरला उतरेन, आणि दवाखान्यात तुझ्याबरोबर आत येईन. तोवर गोळी घेऊन वाजवू नकोस, एवढं ऐक माझं.

तुझा,
मामा