रात्री साडेदहाचा गृहपाठ

"मुलगी वर्गात पेंगते, घरी जरा वळण लावा," असं शिकवणीच्या सरांनी पालकसभेत सगळ्यांदेखत सुनावलं, तेव्हा वळसंगच्या त्या आईला काय बोलावं सुचेना. ती आई म्हणजे प्रस्तुत लेखिका. लेक दहावीला, शिकवणी सोलापूरला, जाणं-येणं एसटीनं. रात्री जेवण झालं की हातात मोबाईल, तोही अभ्यासासाठीच.

उलगडा झाला तो शिकवणीचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे सरकवत नेल्यावर. गणिताची पीडीएफ आली १०.३५ला. 'सोडवून फोटो टाका', ११.१०. न टाकणाऱ्यांची यादी, ११.५०, तिच्यात लेकीचं नाव. तिनं फोटो टाकला १२.२०ला. शेवटच्या गणितातले आकडे वहीच्या रेघेखाली घसरलेले. हीच मुलगी पहाटे उठणार आणि वळण मात्र आईनं लावायचं! सरांना हे सगळं दाखवलं, तर म्हणाले, "बाकी कुणाची तक्रार नाही."

तक्रार नसेल, पण शरीराचे नियम सगळ्यांना सारखेच. अंधार पडू लागला की मेंदू मेलाटोनिन सोडतो आणि झोपेची तयारी सुरू होते. पडद्याचा निळसर उजेड तिथंच आडवा येतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी १२ जणांवर केलेला प्रयोग २०१४च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचल्यावर मेलाटोनिन निम्म्याहून खाली आलं, शरीराचं घड्याळ सुमारे दीड तास मागे पडलं आणि सकाळची सुस्ती वाढली. कागदी पुस्तकानं असं झालं नाही. त्यात या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२पासून वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. मुलं त्या वेळेत अभ्यास उरकतात. गावानं ठरवलं म्हणून जमलं. एकट्या आईनं मोबाईल काढून घेतला तर यादीत नाव लेकीचंच येतं.

म्हणून शिकवणीची फी भरण्याआधीच विचारा, गृहपाठ किती वाजता पाठवता? उत्तर लेखी घ्या. उशिरा आलेल्या संदेशांचे वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा; तोंडी तक्रारीला कुणी किंमत देत नाही. चार पालक मिळून जा. गणितं मोठ्यांनी कागदावर उतरवून द्यावीत. पडदा पिवळा केला, तरी यादीत नाव येण्याची धास्ती जात नाही. गजराला साधं घड्याळ आणा, मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. संध्याकाळनंतर चहा नको, जेवण वेळेवर, हे तर आहेच.

आणि शिकवणीवाल्यांनो, गृहपाठ वर्ग सुटतानाच फळ्यावर लिहून द्या. रात्री आठनंतर मुलांना एकही संदेश पाठवू नका.