सूर्य, वारा आणि युनिट : जागतिक ऊर्जाबदलाचा अभ्यास

इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञान व भूगोल या विषयांत ऊर्जेची साधने हा घटक येतो. तो शिकविताना बहुतेक ठिकाणी फळ्यावर दोन रकाने आखले जातात. एका रकान्यात कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू. दुसऱ्यात सूर्य, वारा व वाहते पाणी. पहिली साधने संपणारी आणि दुसरी न संपणारी, एवढे लिहून घेतले की पाठ संपतो. हे वर्गीकरण चुकीचे नाही. परंतु त्यावरून मुलांचा असा ग्रह होतो की, पहिला रकाना पुसून दुसरा तेवढा ठेवणे हा केवळ इच्छेचा प्रश्न आहे. गेल्या वीस वर्षांत जगात या बाबतीत जे घडले व जे अडले, ते याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आणि म्हणूनच शिकविण्यास अधिक गोडीचे आहे. शिक्षकांस स्वतःच्या वाचनासाठी व पाठाच्या तयारीसाठी उपयोगी पडावे, या हेतूने ती माहिती येथे दिली आहे.

आरंभी एक भेद मुलांकडून नीट वदवून घ्यावा. तो म्हणजे क्षमता व उत्पादन यांतील भेद. खेड्यातील मुलास हा भेद विहिरीवरील पंपावरून चटकन कळतो. पंप पाच अश्वशक्तीचा आहे, ही त्याची क्षमता. त्याने दिवसात पाणी किती ओढले, हे तो किती तास चालला यावर ठरते. विजेचेही तसेच आहे. किलोवॉट ही क्षमता आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली वीज. एक किलोवॉटचे यंत्र पूर्ण शक्तीने एक तास चालले म्हणजे एक युनिट होते.

आता फळ्यावर पुढील हिशेब मांडावा. आपल्या भागात एक किलोवॉटची सौर पट्टी वर्षाच्या सरासरीने दिवसाकाठी सुमारे ४ युनिट वीज देते. ती चोवीस तास पूर्ण शक्तीने चालती तर २४ युनिट मिळाले असते. म्हणजे प्रत्यक्ष मिळकत एकषष्ठांश झाली. कोळशाचे केंद्र सत्तर टक्के भाराने चालले, तर त्याच एका किलोवॉटमागे दिवसाला जवळजवळ १७ युनिट मिळतात. हा हिशेब ज्या मुलाने स्वतः केला, तो वृत्तपत्रातील मथळा वाचून सहसा फसणार नाही. उदाहरण आपल्याच देशाचे आहे. जून २०२५ अखेर भारताच्या एकूण विद्युत्-क्षमतेपैकी निम्म्याहून किंचित अधिक क्षमता कोळसा, वायू व तेल वगळून इतर साधनांची झाली. सूर्य व वारा यांबरोबर मोठी धरणे व अणुकेंद्रेही यात धरली आहेत. हे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठरविलेले होते. ते पाच वर्षे आधी गाठले गेले, ही गोष्ट खचित अभिमानाची आहे. तरीदेखील देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे आजही कोळशाचीच आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांपैकी पहिलेच मोठ्या अक्षरांत छापले जाते, एवढाच काय तो दोष.

प्रगती मात्र लहान नाही. उन्हापासून थेट वीज देणारी सिलिकॉनची पहिली उपयुक्त घटिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाली. पडलेल्या उन्हाच्या सुमारे सहा टक्के भागाची ती वीज करी. किंमत इतकी भारी की तिचा पहिला महत्त्वाचा उपयोग १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड या उपग्रहावर झाला. कारण तेथे तार नेता येत नव्हती! तेथपासून जगातील एकूण सौर क्षमता दहा लक्ष मेगावॉटपर्यंत येण्यास २०२२ साल उजाडले. पुढचे दहा लक्ष मेगावॉट मात्र अवघ्या दोन वर्षांत, २०२४ पर्यंत, उभे राहिले. २०१० ते २०२३ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांतील विजेचा खर्च सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला. या स्वस्ताईमागे कोणताही एक चमत्कारिक शोध नाही. जर्मनीने २००० साली कायदा करून अशा विजेस बांधून दिलेला भाव देऊ केला, त्यामुळे मागणी वाढली. ती भागविण्यासाठी चीनमध्ये प्रचंड कारखाने निघाले. आणि तीच वस्तू पुनःपुन्हा बनविताना दर वेळी थोडी काटकसर साधत गेली. कुंभाराचा हात जसा मडक्यागणिक सुधारतो तसेच हे झाले.

२०२३ साली जगातील एकूण विजेपैकी तीस टक्क्यांहून थोडी अधिक वीज अक्षय साधनांपासून मिळाली. त्यात जवळजवळ निम्मा वाटा धरणांच्या विजेचा होता. ज्या लंडन शहरात १८८२ साली कोळशावरील पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले, त्या ब्रिटन देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळशाचे केंद्र बंद केले. मात्र शिक्षकांनी हेही सांगावे की, वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे. जगात माणसे जी ऊर्जा प्रत्यक्ष वापरतात, तिचा सुमारे एक पंचमांश भागच विजेच्या रूपाने वापरला जातो. उरलेली मोटारीत, चुलीत, पोलादाच्या भट्टीत आणि सिमेंटच्या कारखान्यात इंधन जाळूनच मिळते.

आता अडचणींकडे वळू. यांतील मुख्य अडचण एका शिक्षकाने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. त्यांची हकीकत वर्गात अवश्य सांगावी. डेन्मार्कमधील शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी चालविलेली लोकविद्यालये शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्धच आहेत. त्यांपैकी आस्कोव्ह येथील विद्यालयात पाउल ला कूर हे विज्ञान शिकवीत. ते आधी हवामानखात्यात होते. वीज शहरांत आली, पण खेड्यांस ती केव्हा मिळणार, हा प्रश्न त्यांना लागला होता. डेन्मार्कमध्ये कोळशाच्या खाणी नाहीत. वारा मात्र भरपूर. १८९१ साली सरकारी साहाय्य मिळवून त्यांनी शाळेच्या आवारात पवनचक्की उभारली व तिला विद्युत्-जनित्र जोडले. वारा कमीजास्त झाला तरी जनित्राचा वेग सारखा राहावा अशी युक्तीही त्यांनी शोधून काढली.

परंतु वारा पडला म्हणजे दिवा कसा लावावयाचा? त्या काळी विजेच्या साठ्याच्या बॅटऱ्या फार महाग होत्या. म्हणून ला कूर यांनी वाऱ्याच्या विजेने पाण्याचे पृथक्करण केले आणि निघालेला हायड्रोजन टाकीत साठवून त्यावर १८९५ पासून काही वर्षे शाळेचे दिवे जाळले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई, व शाळेच्या खिडक्यांच्या काचा बदलाव्या लागत. पुढे त्यांनी खेड्यांतील तरुणांस विजेचे काम शिकविण्याचे वर्ग काढले. त्यांचे एक विद्यार्थी योहान्नेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की बांधली. आज सातारा जिल्ह्याच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांची ठेवण पुष्कळ अंशी त्या गेडसरच्या चक्कीची आहे. डेन्मार्कमध्ये आता निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची असते.

ला कूर यांच्यापुढील प्रश्न मात्र सुटून गेलेला नाही. तो फक्त मोठा झाला आहे. वारा जोराचा असता डेन्मार्क आपली शिल्लक वीज समुद्रातळाच्या तारांनी नॉर्वेस देतो, व नॉर्वे तेवढे पाणी आपल्या धरणांत राखून ठेवतो. वारा पडला की तीच वीज उलट वाहते. शेजारी धरणवाला असणे हे डेन्मार्कचे भाग्य होय. प्रत्येक देशास असा शेजारी मिळत नाही. सौर विजेची अडचण तर रोजचीच आहे. भर दुपारी जर्मनीत व ऑस्ट्रेलियात कित्येकदा इतकी वीज होते की घाऊक बाजारात तिचा भाव शून्याखाली जातो. आणि दिवेलागणीस, जेव्हा घरोघर दिवे, पंखे व शेगड्या सुरू होतात, तेव्हा पट्ट्या निजलेल्या असतात. या कारणाने आता साठवणुकीस महत्त्व आले. बॅटऱ्यांचे भावही सौर पट्ट्यांप्रमाणेच उतरले आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे २०१७ साली १०० मेगावॉटची बॅटरी बसविली, तेव्हा ती जगात सर्वांत मोठी होती. आज तिच्या कित्येक पटींच्या बॅटऱ्या ठिकठिकाणी आहेत. दुसरा मार्ग जुना व मुलांस सहज समजणारा आहे. सह्याद्रीत घाटघर येथे दोन जलाशय आहेत, एक घाटमाथ्यावर व एक खाली कोकणात. वीज शिल्लक असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे, आणि मागणीच्या वेळी ते सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज घ्यावयाची. चढविताना लागते त्याहून उतरताना थोडी कमी वीज परत मिळते. तेवढी घट ही साठवणुकीची मजुरी समजावी.

वेळेप्रमाणे अंतराचीही अडचण आहे. ऊन आणि वारा जेथे विपुल, तेथे वस्ती बहुधा विरळ असते. चीनच्या वायव्येकडील कान्सू प्रांतात पवनचक्क्यांची रानेच्या राने उभी राहिली, परंतु वीज बाहेर नेण्यास तारा अपुऱ्या होत्या. त्यामुळे २०१६ साली तेथील वाऱ्याच्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाया गेली, म्हणजे चक्क्या असूनही थांबवून ठेवाव्या लागल्या. पुढील वर्षी तेथून हूनान प्रांतापर्यंत दोन हजार किलोमीटरांहून लांब अशी उच्च दाबाची वाहिनी सुरू झाली. पट्ट्या बसविण्यास वर्ष पुरते. वाहिनीस जमीन, परवाने व खांब मिळून कित्येक वर्षे लागतात. राजस्थानात तर या तारांची गाठ माळढोक पक्ष्याशी पडली. जड अंगाच्या या पक्ष्यास समोरची तार लवकर दिसत नाही व तो तिच्यावर आदळून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ साली तो शिथिल केला. सोलापूरकडील नान्नजच्या माळावरून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे, हे तिकडील शिक्षकांस ठाऊकच आहे. चांगल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा काय करावे, यावर मोठ्या मुलांचा वाद घडवून आणण्यास हा विषय उत्तम.

पैशाची अडचण पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही, पण माझ्या मते ती सर्वांत अधिक समजून घेण्यासारखी आहे. कोळशाच्या केंद्रात खर्च रोज थोडाथोडा होतो, कारण कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. सूर्याचे बिल येत नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या विजेचा बहुतेक सर्व खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. विहीर खोदण्यासारखेच हे आहे. पाणी फुकट, पण खोदाईस कर्ज काढावे लागते, आणि सावकाराचा दर जास्त असेल तर तेच पाणी महाग पडते. जगातील उत्तम उन्हाचे सुमारे साठ टक्के प्रदेश आफ्रिका खंडात असल्याचे मानले जाते. तरी २०२२ च्या सुमारास जगाच्या सौर क्षमतेतील त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. पट्टीची किंमत केन्यात व जर्मनीत सारखीच, व्याजाचा दर मात्र भिन्न. पाकिस्तानात याच्या उलट प्रकार पाहावयास मिळाला. तेथे वीजदर फार चढल्याने लोकांनी आपण होऊन छपरांवर पट्ट्या बसविल्या. २०२४ या एकाच वर्षी सुमारे १७,००० मेगावॉटच्या पट्ट्या त्या देशाने आयात केल्या. ज्यांना परवडले ते मोकळे झाले. पण तारा, खांब व केंद्रे यांचा ठरावीक खर्च उरलेल्या गरीब ग्राहकांवर अधिक पडू लागला.

कोळशाच्या खाणीवर ज्यांचे पोट आहे त्यांचा प्रश्न वेगळाच. चंद्रपूर व वणी या भागांतील वर्गांत ज्यांचे वडील खाणीत आहेत अशी मुले बसलेली असतात; त्यांच्यासमोर कोळशाची केवळ निंदा करणे योग्य होणार नाही. जर्मनीच्या रूर प्रदेशात १९५० च्या दशकात लाखो खाणकामगार होते. तेथील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधली साठ वर्षे लवकर निवृत्ती, नवीन शिक्षण व सरकारी साहाय्य यांत गेली. आणि इतके करूनही तेथील गावे पूर्वीसारखी भरभराटीस आली असे म्हणता येत नाही.

जेथे मागणीच दिवसाची आहे तेथे मात्र सूर्याची वीज फार सोयीची ठरते. आपल्याकडे शेतीपंपास आठवड्यातील काही दिवस रात्रीची वीज मिळत असल्याने शेतकऱ्यास काळोखात दारे धरावी लागतात, साप-विंचवाचे भय असते, व सकाळी त्याचा मुलगा वर्गात पेंगतो. २०१७ पासून महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावाजवळच सौर केंद्रे उभारून पंपांस दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. येथे साठवणूक नको, लांबची वाहिनीही नको. ऊन आणि पाणी यांची वेळ आपोआप जमते. आपल्या गावी हे केंद्र झाले असल्यास मुलांस तेथे नेऊन क्षमता व मागील महिन्याचे युनिट असे दोन्ही आकडे टिपून घेण्यास सांगावे.

पाठाच्या शेवटी पुढील उपक्रम घ्यावा. एक आठवडाभर शाळेच्या वीजमापकावरील आकडा सकाळी शाळा भरताना व सायंकाळी सुटताना दोन मुलांनी वहीत लिहावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या मापकाचा आकडा सूर्योदयास व सूर्यास्तास टिपावा. मापकास हात लावू देऊ नये. आकडा दुरूनच वाचावा. आठवड्याअखेर दिवसाचे युनिट व रात्रीचे युनिट असे दोन रकाने करून बेरीज करावी. शाळेचे बहुतेक युनिट दिवसाचे आणि घरांचे बरेचसे रात्रीचे निघतील. शाळेच्या छपरावर तीन किलोवॉटच्या पट्ट्या असत्या तर रोजच्या सुमारे बारा युनिटांपैकी किती शाळेतच खपले असते, किती उरले असते, आणि रविवारी त्यांचे काय झाले असते, हे प्रश्न सातवीच्या मुलांस गणिताच्या तासाला घालावेत.