बालपणीं बाप्तिस्मा झालेल्यांनीं पुन्हां बाप्तिस्मा घ्यावा काय?

वरच्या वर्गांच्या शास्त्रपाठाच्या तासाला एक प्रश्न बहुतेक दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच. "आमचा बाप्तिस्मा आम्ही तान्हे असतांना झाला. त्या वेळीं आम्हांस कांहीं कळत नव्हतें. मग तो खरा कसा? आतां समजूं लागलें आहे, तर तो पुन्हां घ्यावा काय?" हा प्रश्न वर्गापुरताच राहत नाहीं. सुटींत घरीं गेलेल्या मुलास दुसऱ्या मंडळीचा एखादा मित्र सांगतो कीं, तुझ्या कपाळावर शिंपडलेल्या पाण्यास बाप्तिस्मा म्हणतच नाहींत. मुलगा अस्वस्थ होतो, आई डोळ्यांस पदर लावते आणि वडील पाळकांकडे धांव घेतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें व दोन्ही बाजूंनीं विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जे वाचक ख्रिस्ती नाहींत त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें पाण्यानें केलेला जो संस्कार, तो बाप्तिस्मा. ख्रिस्ती मंडळींत प्रवेश होतो तो याच द्वारानें. पाणी हें शुद्धतेचें चिन्ह आहे. आणि पौलाच्या शिकवणीप्रमाणें ख्रिस्ताबरोबर मरून नव्या जीवनासाठीं उठण्याचेंही तें चिन्ह आहे. रोमन कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, ल्यूथरन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल व मेथडिस्ट या मंडळ्या ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट, मेनोनाईट, पेन्टेकॉस्टल वगैरे मंडळ्या, जो स्वमुखानें विश्वास कबूल करील त्यालाच देतात. पाणी किती असावें हा प्रश्न यांत मिसळूं नये. ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या मुलांसही पाण्यांत तीनदां बुडवितात. आपला प्रश्न पाण्याच्या खोलीचा नसून घेणाऱ्याच्या समजुतीचा आहे.

आणखी एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. एकाच माणसास दोन बाप्तिस्मे असावेत असें बाप्टिस्ट मंडळीही म्हणत नाहीं. तिच्या मतें तान्हेपणीं झालेला विधि बाप्तिस्माच नव्हता. म्हणून मोठेपणीं होतो तोच पहिला. "पुनर्बाप्तिस्मा" हा शब्द त्या लोकांस रुचत नाहीं तो यामुळेंच. तेव्हां खरा वाद "एकदां कीं दोनदां" असा नसून, "पूर्वीं झाला तो बाप्तिस्मा होता कीं नव्हता" असा आहे. हा भेद ओळखला म्हणजे निम्मा वितंडवाद आपोआप मिटतो.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. "प्रेषितांचीं कृत्यें" या पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायांत पेत्र लोकांस आधीं पश्चात्ताप करावयास व मग बाप्तिस्मा घ्यावयास सांगतो. ८ व्या अध्यायांतील कूशी अधिकारी फिलिप्पाचा उपदेश ऐकून, समजून, मग पाण्यांत उतरतो. तान्ह्या मुलास बाप्तिस्मा दिल्याचें एकही स्पष्ट उदाहरण नव्या करारांत नाहीं, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच २ ऱ्या अध्यायांत पेत्र ऐकणाऱ्यांच्या मुलाबाळांसही देवाच्या वचनाचे भागीदार करतो. १६ व्या अध्यायांत लुदिया व फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक यांचा घरच्या सर्व माणसांसह बाप्तिस्मा झाला. त्या घरांत तान्हीं मुलें होतीं असें लिहिलेलें नाहीं, नव्हतीं असेंही लिहिलेलें नाहीं. शिवाय जुन्या करारांत आठ दिवसांच्या मुलाची सुंता होत असे व त्यास देवाच्या लोकांत गणीत असत. आणि कलस्सैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायांत पौल सुंता व बाप्तिस्मा यांचा एकाच विचारांत उल्लेख करतो. म्हणजे दोन्ही पक्षांस शास्त्राचा आधार आहे, आणि दोन्ही पक्षांत बायबल मनापासून वाचणारे लोक आहेत.

पुन्हां बाप्तिस्मा घेण्याच्या बाजूनें १९ वा अध्याय पुढें करण्यांत येतो. इफिस येथें पौलास सुमारें बारा शिष्य भेटले. त्यांचा बाप्तिस्मा पूर्वीं झालेला असूनही पौलाच्या उपदेशावरून तो पुन्हां झाला. परंतु त्यांचा पहिला बाप्तिस्मा योहानाचा होता. पवित्र आत्मा आहे हेंही त्यांनीं ऐकिलें नव्हतें. जो त्रिएक देवाच्या नांवानें झाला, त्याची तुलना त्याच्याशीं कशी व्हावी? उलट ८ व्या अध्यायांतील शिमोन जादूगाराची गोष्ट पाहा. त्यानें विश्वास धरून मोठेपणीं बाप्तिस्मा घेतला. पण लवकरच पैसे देऊन देवाचें दान विकत घेऊं पाहिलें. त्याचें अंतःकरण सरळ नाहीं असें पेत्रानें त्यास तोंडावर सांगितलें. तथापि "पुन्हां पाण्यांत उतर" असें पेत्रानें म्हटलें नाहीं. त्यानें त्यास पश्चात्ताप व प्रार्थना करावयास लाविलें. या गोष्टींत आम्हांस मोठा बोध दिसतो. मन डळमळलें म्हणजे मन बदलावें. संस्कार बदलूं नये.

पहिल्या कांहीं शतकांतही असाच वाद उपस्थित झाला होता. पाखंडी पाळकानें दिलेला बाप्तिस्मा खरा कीं खोटा, यावर २५६ च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन व रोमचा बिशप स्टीफन यांचें पटेना. सिप्रियन म्हणे, पुन्हां द्यावा. स्टीफन म्हणे, देऊं नये. ३१४ सालीं आर्ल येथील परिषदेनें ठरविलें कीं, बाप्तिस्मा त्रिएक देवाच्या नांवानें झाला असेल तर पुन्हां न देतां केवळ हात ठेवून त्या माणसास मंडळींत घ्यावें. पुढें ऑगस्टीननें याचें कारण उलगडून सांगितलें: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे; म्हणून देणाऱ्याच्या अयोग्यतेनें तो नासत नाहीं. गंमत ही कीं, स्वतः ऑगस्टीनचा बाप्तिस्मा आई ख्रिस्ती असूनही लहानपणीं झाला नव्हता. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं झाला.

या वादांत रक्तही सांडलें आहे, तें विसरतां कामा नये. स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं १५२५ च्या जानेवारींत कांहीं तरुणांनीं बालबाप्तिस्मा नाकारून एकमेकांस बाप्तिस्मा दिला. १५२७ च्या जानेवारींत त्यांपैकीं फेलिक्स मान्झ यास तेथील प्रॉटेस्टंट सरकारनें लिम्मात नदींत बुडवून मारिलें. ज्यानें पाण्याचा आग्रह धरिला त्यास पाण्यानेंच शिक्षा, असा तो क्रूर न्याय होता. २००४ सालीं त्याच शहरच्या सुधारित मंडळीनें या छळाचा पश्चात्ताप जाहीरपणें व्यक्त केला, आणि मान्झ व त्याचे सोबती यांच्या स्मरणार्थ नदीकांठीं एक शिळा बसविण्यांत आली. मत चुकीचें वाटलें म्हणून माणूस बुडवावयाचा नसतो, एवढें शिकावयास मंडळीला जवळजवळ पांचशें वर्षें लागलीं.

हा वाद दूरदेशींचाच आहे असें नाहीं. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उगमाशींही तो येऊन भिडतो. मराठीचें व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) छापणारे आणि श्रीरामपुराहून १८११ सालीं मराठींत नवा करार प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम कॅरी यांचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या मंडळींत तान्हेपणीं झाला होता. पण १७८३ सालीं त्यांनीं नॉर्दम्प्टन येथील नदींत पुन्हां बाप्तिस्मा घेतला. १८१२ सालीं अमेरिकेंतील काँग्रिगेशनल मंडळ्यांनीं कांहीं तरुण मिशनरी हिंदुस्थानाकडे पाठविले. त्यांपैकीं अडोनिराम जडसन यांनीं प्रवासांत, श्रीरामपूरच्या बाप्टिस्टांशीं वाद करावा लागेल म्हणून, बाप्तिस्म्याचा अभ्यास आरंभिला. आणि दुसऱ्यास जिंकण्यासाठीं केलेल्या त्या अभ्यासानें त्यांचेंच मत पालटलें. "तुम्ही बाप्टिस्ट झालां तरी मी होणार नाहीं," अशा अर्थाचें त्यांच्या पत्नी ॲन यांनीं प्रथम सांगितलें होतें. पण पुढें स्वतः अभ्यास करून त्याही त्याच मताच्या झाल्या. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यास दोघांचा बाप्तिस्मा झाला. ज्या संस्थेनें पाठविलें तिचा आधार त्यामुळें सुटला. तरी ते ब्रह्मदेशांत गेले व सबंध बायबल त्यांनीं ब्रह्मी भाषेंत आणिलें.

त्याच तुकडींतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनीं मात्र आपल्या मंडळीची रीत सोडिली नाहीं. ते १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. हॉल यांनीं मराठींत उपदेश केला, शाळा उघडिल्या, आणि १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत पटकीनें देह ठेविला. आतां विद्यार्थ्यांनींच सांगावें कीं, जडसन व हॉल यांपैकीं देवानें कोणास टाकिलें? आम्हांस तर दोघांच्याही कार्यावर त्याचा हात दिसतो.

महाराष्ट्रांतील पुढची पिढी पाहूं. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं व नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं विचारपूर्वक, आप्तांचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतींत आपला प्रश्न उद्भवतच नाहीं; तो उद्भवतो त्यांच्यासारख्यांच्या मुलानातवंडांच्या बाबतींत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला, आणि त्यांची सुमारें दोन वर्षांची कन्या मनोरमा हिचाही त्यांच्याबरोबरच झाला. आईनें शास्त्रें धुंडाळून तो घेतला. मुलीनें आईच्या कडेवरून घेतला. आजचे आमचे बहुतेक ख्रिस्ती विद्यार्थी मनोरमेच्या जागीं आहेत. कष्टानें मिळविलेलें धन व वारशानें आलेलें धन यांत हा भेद आहेच. पण वारसा आयता मिळाला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. तो सांभाळणें तेवढें अधिक कठीण असतें.

यावरून आमचें मत असें. ज्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीं त्रिएक देवाच्या नांवानें झाला आहे, त्यानें तो पुन्हां घेऊं नये. पहिलें कारण, बाप्तिस्म्यांत आधीं देव आपल्यास धरतो, मग आपण देवास धरतों. आपली समजूत हाच जर त्याचा पाया मानिला, तर प्रत्येक नव्या जागृतीबरोबर मागचा बाप्तिस्मा अपुरा वाटूं लागेल. विसाव्या वर्षींचा विश्वास चाळिसाव्या वर्षीं पोरकट भासतो. दुसरें कारण, बारशाच्या दिवशीं नांव ठेवितांना मुलास कोणी विचारीत नाहीं. तरी मोठेपणीं तो दुसरें बारसें करीत नाहीं, त्याच नांवास शोभेसें वागतो. कोणी म्हणेल, पेरलेलें उगवलें नाहीं तर शेतकरी दुबार पेरणी करतोच. खरें, पण बीं कुजलें आहे कीं पावसाची वाट पाहत आहे, हें न पाहतां शेतांत पुन्हां औत घालणाऱ्यास शहाणा शेतकरी कोण म्हणेल? ज्या मुलाच्या मनांत "माझा बाप्तिस्मा खरा आहे काय?" ही तळमळ उत्पन्न झाली, त्याचें बीं मेलेलें नसून अंकुर फोडीत आहे.

मग त्या तळमळीचें करावें काय? तिला योग्य वाट मंडळीनें ठेविलेली आहे. लहानपणीं आईबापांनीं व मंडळीनें आपल्या वतीनें जें वचन दिलें, तें मोठेपणीं सर्वांसमक्ष स्वमुखानें उच्चारणें, याला कोठें दृढीकरण म्हणतात, कोठें विश्वासाची जाहीर कबुली म्हणतात. दुःखाची गोष्ट ही कीं, पुष्कळ ठिकाणीं हा विधि परीक्षेच्या फॉर्मासारखा उरकला जातो: चार प्रश्नांचीं पाठ केलेलीं उत्तरें, एक नवा पोशाख आणि घरीं गोडधोड. कबुलीच पोकळ झाली, तर तरुणास दुसऱ्या पाण्याची ओढ कां लागूं नये? यांत पालकांचाही वांटा आहे. ज्या घरीं मुलाचा बाप्तिस्मा थाटानें झाला, पण पुढें प्रार्थना नाहीं, वचनाचें वाचन नाहीं, त्या घरच्या मुलानें उद्यां "माझ्या बाप्तिस्म्यांत काय होतें?" असें विचारलें, तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आईबापांस कितीसा उरतो?

या दोन परंपरा एकत्र नांदूं शकतात याचा पुरावा आपल्याच प्रांतांत आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या मिळून "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया" स्थापन झाली. तींत अँग्लिकन, मेथडिस्ट व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक आले, तसे बाप्टिस्टही आले. बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, या दोन्ही रीती तिनें मान्य केल्या. ज्यास बालपणींच्या बाप्तिस्म्यानें मनाचें समाधान होत नाहीं, त्याची गोष्ट सल्ल्यासाठीं बिशपांकडे न्यावी, असेंही ठरविलें. हॉल यांच्या व कॅरी यांच्या परंपरेंतील लोक अशा रीतीनें एका मंडळींत बसले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न मनांत आला तर लाजूं नका व दडवूं नका. आईबापांस चोरून, कोणाच्या भरीस पडून, एखाद्या नदीवर जाऊन निर्णय करूं नका. आधीं घरीं बोला, मग पाळकांशीं बोला, आणि वर सांगितलेले अध्याय स्वतः उघडून वाचा. पालकहो, मुलानें विचारलें तर त्याचें तोंड बंद करूं नका. आणि सर्व विचारांतीं, मोठेपणीं, एखाद्याच्या सदसद्विवेकबुद्धीनें आमच्याहून निराळा कौल दिला, तर त्यास घराबाहेर वा मंडळीबाहेर घालवूं नका. लिम्मातच्या कांठची ती शिळा आठवा. मात्र ज्याचा बाप्तिस्मा एकदां झाला व ज्यास तो पुरेसा वाटतो, त्यानेंही निर्धास्त होऊन झोपूं नये. बाप्तिस्मा एकदांच होतो. पण तो खरा करून दाखविण्याचें काम रोज सकाळीं नव्यानें आरंभावें लागतें.