दांडिया बाजार : एका पेठेचा अभ्यास

बडोद्यात पाहुणे आले की आपण त्यांस लक्ष्मीविलास राजवाडा दाखवितो, सयाजीबाग दाखवितो. ज्या दांडिया बाजारात आपल्यापैकी अनेकांची घरे किंवा आजोळे, तो मात्र दाखवावयाचा राहून जातो. म्हणून महोत्सवाच्या ह्या अंकात त्याच पेठेचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

जुने तटबंदीचे शहर पश्चिमेस लेहरीपुरा दरवाजापाशी संपते. बाहेर पडताच सूरसागर तलाव, व त्यापलीकडे आपली पेठ. नावात बाजार असला तरी येथील मराठी वस्ती व्यापारावर वसली नाही. ती मुख्यतः गायकवाडी चाकरीवर वसली. १८४९ ते १८५४ ह्या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा ह्याची साक्ष देतो. चार मजली लाकडी बांधणी, आणि भिंतींवर महाभारतातील प्रसंग, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांची लढाई इतकेच नव्हे तर गोऱ्या साहेब-मडमांचीही चित्रे! दिवाणखान्यात बसणाऱ्या माणसाचे जग केवढे होते, हे त्या भिंती सांगतात. आज हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) शिकलेल्या माणसांची मागणी वाढली. १८९० साली कलाभवन निघाले, १९०६ साली संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण झाले, १९१० पासून ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली. रियासतकार सरदेसाई १८८९ साली ह्याच चाकरीत आले, आणि 'रियासती'चे लेखन त्यांनी ती सांभाळूनच सुरू केले. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्याच्या सेवेत होते. त्यांच्या वास्तव्याचे घर ह्याच पेठेत 'अरविंद निवास' म्हणून जतन झाले आहे. खासेराव जाधवांसारखे स्नेही त्यांस येथे लाभले, आणि बंगाली गृहस्थ मराठी शिकले! प्रा. माणिकरावांचा आखाडाही येथलाच. आपल्या गुरूचे, जुम्मादादांचे, नाव त्यांनी व्यायाममंदिरास दिले.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० साली बडोदे गुजरातेत आले. ज्या चाकरीवर पेठ उभी होती ती अशी संपली. मुले विद्यापीठात, कारखान्यांत, पुढे परदेशी गेली. कुटुंबे नव्या वसाहतींत राहू लागली. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने बडोद्यात भरली. चौथे भरावयास २०१८ साल उजाडले. ह्या ८४ वर्षांत पेठेतील मराठीपण नाहीसे झाले असे मात्र कोणी समजू नये. गणपती आहेत, आणि आपली उसळ तर 'शेव-उसळ' होऊन साऱ्या शहराची झाली आहे!

खरी काळजी घरांची आहे. अरुंद दर्शनी भाग, आत लांबवर गेलेले खण, मधे चौक, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, अशी ही बांधणी. तिचे वैरी दोन. पहिला पाऊस : छपराची पन्हळ गळू लागली की पाणी तुळईच्या तोंडाशी मुरते, आणि खांबाचा पाया कुजतो तो वरून दिसत नाही. एक घर पाडले की सामाईक भिंतीमुळे शेजारचेही उघडे पडते. दुसरा वैरी वारसांची संख्या. आजोबांच्या नावावरचे घर आज दहा-बारा वारसांचे असते. दोघे पुण्यास, एक अमेरिकेत. दुरुस्तीचा खर्च कोणी करावा ह्याचा निर्णय होईपर्यंत दोन पावसाळे निघून जातात. अशा घरास मग गिऱ्हाईक सुचविते तोच भाव मान्य करावा लागतो.

म्हणून कुटुंबांनी निदान एवढे करावे : सिटी सर्व्हेतील नोंदीवर कोणाचे नाव आहे ते पाहावे, गेलेल्यांच्या जागी वारसांची नोंद करून घ्यावी, आणि घराची छायाचित्रे, चौकाच्या व मजल्यांच्या मापांसह, काढून ठेवावीत. विकावे की राखावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण तो कागद हाती असताना सोडवावा. माळ्यावरच्या पेटीतील जुनी खते, गहाणाचे कागद पुष्कळदा मोडीत असतात. मोडी वाचणारी जी थोडी वडील मंडळी आपल्यात आहेत, त्यांच्याकडून ते ह्या वर्षातच वाचवून घ्यावेत, आणि बाळबोधीत केलेली नक्कल प्रत्येक वारसाकडे एकेक पाठवावी.