एक्सेप्शनच्या वाटेवरची आवराआवर

सी प्लस प्लस या भाषेत मेमरी, उघडलेली फाइल किंवा धरून ठेवलेले लॉक अशी साधने एखाद्या ऑब्जेक्टच्या ताब्यात दिली जातात, आणि त्या ऑब्जेक्टचे आयुष्य संपताना डिस्ट्रक्टर नावाचे फंक्शन ती आपोआप परत करते. फंक्शन शेवटपर्यंत नीट चालले तर हे घडतेच. पण मध्येच एक्सेप्शन फेकले गेले, म्हणजे चूक झाल्याचे कळवून फंक्शन अर्ध्यावर सोडले गेले, आणि ते वरच्या एखाद्या फंक्शनने पकडले, तरीही मधल्या प्रत्येक ऑब्जेक्टची आवराआवर झालीच पाहिजे, अशी हमी १९९८ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकापासून दिलेली आहे. ही हमी पाळायची कंपायलरने, आणि प्रोग्राम वेगवान व्हावा म्हणून कोडची उलथापालथ करायची तीही कंपायलरनेच. या दोन कामांच्या सांध्यात राहिलेले दोष फार उशिरा उघडकीला येतात, कारण आवराआवर चुकली म्हणून प्रोग्राम त्याच क्षणी कोसळत नाही. सुटायचे राहिलेले लॉक बऱ्याच वेळाने दुसऱ्याच थ्रेडला अडवते आणि शोध घेणारा भलत्याच फाइलमध्ये डोके घालून बसतो. म्हणून कंपायलर ही हमी पाळतो की नाही, हे मुद्दाम लिहिलेल्या चाचण्यांनी तपासावे लागते.

दोष नेमका कुठे शिरतो हे समजण्यासाठी यंत्रणा थोडी जवळून पाहावी लागते. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर इटॅनियम एबीआय या नावाने ओळखला जाणारा संकेत पाळतात, आणि त्यानुसार फेकलेल्या एक्सेप्शनचा प्रवास दोन फेऱ्यांत होतो : पहिल्या फेरीत स्टॅकवरील फंक्शनांच्या नोंदी चाळून ते पकडणारे कोणी आहे का एवढेच पाहिले जाते, आणि तसे कोणी सापडले तरच दुसऱ्या फेरीत एकेक फंक्शन उलगडत डिस्ट्रक्टर चालवले जातात. क्लँगच्या पोटातील एलएलव्हीएममध्ये एक्सेप्शन येऊ शकेल असा कॉल, त्यावर आवराआवर किंवा पकड अवलंबून असेल तर, इन्व्होक या सूचनेने लिहिला जातो; तिला दोन वाटा असतात, एक सरळ आणि दुसरी लँडिंगपॅडकडे जाणारी, आणि येथे आवराआवर करायची आहे अशी खूण त्या लँडिंगपॅडवर असते. आता आतल्या फंक्शनात फक्त डिस्ट्रक्टर आहे आणि बाहेरच्या फंक्शनात एक्सेप्शन पकडण्याची सोय आहे, असे समजू. इनलायनिंगने, म्हणजे आतल्या फंक्शनाचा मजकूर बाहेरच्यात उतरवल्याने, स्टॅकवरील दोन चौकटींची एकच चौकट होते आणि दोन लँडिंगपॅडच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. या जोडणीत पकडीची नोंद गळाली तर पहिल्या फेरीत कोणीच सापडत नाही आणि प्रोग्राम तिथेच बंद पडतो. हा दोष निदान दिसतो तरी. पण आवराआवरीची खूण गळाली, तर पकडीच्या प्रकाराशी जुळणारे एक्सेप्शन पूर्वीसारखेच लँडिंगपॅडवर येते, डिस्ट्रक्टर चालतो आणि चाचणी उत्तीर्ण होते. न जुळणारे एक्सेप्शन मात्र ती चौकट ओलांडून थेट वर निघून जाते आणि डिस्ट्रक्टर चालतच नाही. म्हणून आतल्या पकडीशी न जुळणारे आणि त्याहून वरच्या फंक्शनात पकडले जाणारे एक्सेप्शन ज्या चाचणीत फेकलेले नाही, ती चाचणी अपुरीच मानावी.

दुसरा धोका चाचणीच विरघळून जाण्याचा आहे. एखादे फंक्शन एक्सेप्शन फेकूच शकत नाही असे कंपायलरला त्याच्या मजकुरावरून दिसले, तर तो इन्व्होकचा साधा कॉल करतो आणि आवराआवरीची वाट पुसून टाकतो. हा निष्कर्ष खरा असेल तर ते पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यामुळे एक्सेप्शन फेकणारे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे, आणि लिंक करतानाही ऑप्टिमायझेशन होणार असेल तर तेवढी फाइल त्यातून वगळावी किंवा फेकायचे की नाही हा निर्णय प्रोग्राम चालू असताना मिळणाऱ्या मूल्यावर सोपवावा.

मोजायचे काय, याबाबतही घाई नडते. डिस्ट्रक्टर किती वेळा चालला हा आकडा विश्वासार्ह नाही, कारण नकला टाळण्याची मुभा मानकच देते. २०१४ च्या मानकापासून तर नव्याने मागितलेली मेमरी आणि तिचे परत करणे ही जोडीच गाळण्याचीही परवानगी आहे. तपासायचा तो तोल : जितके ऑब्जेक्ट निर्माण झाले तितकेच नष्ट झाले का, आणि उलट्या क्रमाने झाले का. शिवाय चाचणीत पकड असलीच पाहिजे. एक्सेप्शन कोणीच पकडले नाही तर स्टॅक उलगडायचा की नाही हे मानकाने प्रत्येक कंपायलरवर सोपवले आहे. एक्सेप्शन बाहेर पडणार नाही असे ज्याच्या घोषणेतच लिहिले आहे अशा फंक्शनातून ते निसटले, तरीही हीच मोकळीक लागू होते. अशा ठिकाणी ऑप्टिमायझेशनच्या दोन पातळ्यांवर वेगळे वर्तन दिसले तर तो कंपायलरचा दोष ठरत नाही, आणि अशी तक्रार नोंदवणाऱ्याच्या पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही दुर्लक्ष होते.

एक्सेप्शन नेमके कुठे फेकायचे, याचे उत्तम उत्तर सी भाषेत लिहिलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या चाचण्यांत सापडते. तिथे मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारली जाते, मग दुसरी, मग तिसरी, आणि काम एकही नकार न मिळता पूर्ण होईपर्यंत हे चक्र चालू राहते. हीच रीत एक्सेप्शनसाठी वापरली म्हणजे ज्या जागा लेखकाला सुचल्याच नसत्या, विशेषतः अर्धवट बांधलेल्या ॲरेचे किंवा ऑब्जेक्टचे मधले टप्पे, त्याही तपासल्या जातात. हे सारे शून्य पातळीवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, आणि नंतर वरच्या प्रत्येक पातळीवर चालवावे. नवी चाचणी संचात घेण्यापूर्वी एलएलव्हीएमच्या मधल्या टप्प्यातील मजकुरातून आवराआवरीची खूण हाताने काढून ती चाचणी नापास होते की नाही हे पाहणे सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेकदा राहून जाते.

दोष खरोखर सापडला, तर एलएलव्हीएममधील ऑप्ट-बायसेक्ट ही सोय कोणत्या टप्प्यात तो शिरला ते दाखवते आणि सी-रिड्यूससारखे साधन प्रोग्राम काही ओळींवर आणते. मात्र अशी साधने कापता कापता पकडच उडवून टाकतात. उरलेला तुकडा आवराआवर करत नाही खरा, पण मानकानुसार त्याने ती करायचीही नसते. म्हणून शून्य पातळीवर तोल जुळतो आणि वरच्या पातळीवर बिघडतो, या दोन्ही गोष्टी प्रत्येक कापणीनंतर तपासणारी अट त्या साधनाला घालावी. इतके करून उरलेला प्रोग्राम कंपायलरच्या कर्त्यांकडे जरूर पाठवावा; दोष मान्य झाला तर दुरुस्तीसोबत तो त्यांच्या चाचणीसंचात ठेवला जातो आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर चालवला जातो.