गणिताचा कोपरा : नऊ एकांची गंमत

१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला. एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

असे का होते? इंद्रवेल्लीत आपण वहीवर जसा उभा गुणाकार करतो तसाच मांडा. मधल्या उभ्या रांगेत नऊ एक येतात, दोन्ही बाजूंना एकेक कमी. हातचा कुठेच नाही.

आता दहा एक घ्या. मध्ये बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर मिळते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ गेला! म्हणून आम्ही सांगतो, नुसता क्रम पाहून उत्तर लिहू नका, कारण शोधा. पालकांनीही मुलांबरोबर हा गुणाकार करून पाहावा.