नुक्ता आणि ठिपका

मुलांनो, तुमच्या घरात दुसुतीच्या कापडावर भरलेला एखादा रुमाल किंवा उशीचा अभ्रा असेल, तर तो घेऊन बसा. दुसुती म्हणजे ज्याचे उभे-आडवे धागे सहज मोजता येतात असे जाडसर कापड. त्यावर फुलीच्या टाक्याने गुलाब किंवा पोपट भरलेला असेल. दुरून पोपटाची पाठ छान गोल दिसते. आता रुमाल डोळ्यांजवळ आणा. गोलाई कुठे गेली? पाठीच्या जागी जिन्यासारख्या पायऱ्या दिसू लागतील. हिरव्या फुल्या, त्यांच्या शेजारी लाल फुल्या. बस्स, एवढेच!

संगणकाच्या पडद्यावरचे चित्रही असेच असते. तेथे फुलीऐवजी अगदी लहान चौकोनी ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याला एक रंग. ठिपके पुरेसे लहान असले, की आपले डोळे त्यांना जोडून घेतात आणि आपल्याला रेघ दिसते. माझी अम्मी संगणकाला हात लावत नाही. पण ती गेली चाळीस वर्षे पिक्सेलचीच चित्रे काढते आहे, असे मी तिला चिडवते.

ही नुसती गंमत नाही. १९८४ साली अमेरिकेत मॅकिंटॉश नावाचा संगणक विकायला आला. त्याच्या पडद्यावरची कचऱ्याची टोपली, हसणारा संगणक अशी छोटी चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने काढली होती. तिने ती आधी कशावर काढली असतील? चौकटींच्या कागदावर! एका चित्रासाठी ३२ आडवे आणि ३२ उभे, म्हणजे एकूण १,०२४ चौकोन. कोणता चौकोन काळा करायचा आणि कोणता पांढरा ठेवायचा, एवढेच तिच्या हातात होते. रंग नाहीत, छटा नाहीत. तरीही ती चित्रे पाहताच लोकांना कळत.

संगणकावर चित्रे काढणे हा माझा छंद आहे. उर्दूत आपण 'शौक' म्हणतो. मराठीतही 'शौक' हा शब्द आहे, पण त्यात थोडी चैनीची छटा येते. कोणाला उंची अत्तराचा शौक असतो, कोणाला खाण्याचा. मनापासून, नेमाने करायच्या गोष्टीला मराठीत 'छंद' म्हणतात. गंमत म्हणजे कवितेच्या वृत्तालाही छंद हाच शब्द आहे. मला हा छंद कसा लागला ते सांगायचे, तर आधी माझ्या अब्बांविषयी सांगावे लागेल.

अब्बा कातिब होते. आमच्या मालेगावात ते एका उर्दू साप्ताहिकाची पाने हाताने लिहीत. लग्नाच्या पत्रिका, मुशायऱ्याची भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या हीही कामे त्यांच्याकडे येत. बोरूची लेखणी ते स्वतः तासत. तुमच्यापैकी ज्यांनी खुशखती शिकली असेल, त्यांना ठाऊक असेल की लेखणी कागदावर तिरकी टेकवली की एक चौकोनी ठिपका उमटतो. तोच नुक्ता. कातिब अक्षरे पट्टीने मोजत नाहीत, नुक्त्यांनी मोजतात. नस्तालिकमधला अलिफ सुमारे तीन नुक्ते उंच असतो. लेखणी जाड घेतली तर नुक्ता मोठा होतो आणि अलिफही त्या मानाने वाढतो. प्रमाण मात्र तेच राहते. पिक्सेल हा शब्द मी ऐकला, तेव्हा मला आधी हा नुक्ताच आठवला.

नस्तालिक लिपी यंत्राला बराच काळ दाद देत नव्हती. असे का बरे? मराठीतील अक्षरे एका शिरोरेषेला टांगलेली असतात. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, आणि शेजारी कोणते अक्षर आहे त्यावर 'बे'चा आकार ठरतो. एका अक्षराला दोन-चार खिळे करून भागत नाही. म्हणून बाकीच्या भाषांची वर्तमानपत्रे खिळ्यांवर छापली जात असतानाही उर्दूची पाने कातिबच लिहीत होते. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांनी जोडअक्षरांचे हजारो आकार लिहून काढले आणि त्यांवरून 'नूरी नस्तालिक' ही संगणकाची लिपी तयार झाली. १९८१ साली लाहोरचे 'जंग' हे दैनिक त्या लिपीत निघाले. पुढे १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीचे 'इनपेज' आले आणि साध्या संगणकावर उर्दू पाने तयार होऊ लागली.

१९९७ साली अब्बांच्या साप्ताहिकातही संगणक आला. तेव्हा मी तिसरीत होते. आठ पाने लिहायला जेथे चार कातिब लागत, तेथे एक मुलगा कळफलक बडवून काम उरकू लागला. अब्बांनी लेखण्या कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिण्याची नोकरी धरली. घरात 'कॉम्प्युटर' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. आता तुम्हीच विचार करा, अशा घरातल्या मुलीने संगणकावर चित्रे काढावीत का?

आठवीत शाळेच्या संगणक कक्षात मी पहिले चित्र काढले. चहाची किटली! माऊसने रेघ ओढणे म्हणजे साबणाची वडी हातात धरून लिहिण्यासारखे असते. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. किटलीची चोच तीनदा काढली, तिन्ही वेळा ती बदकाची वाटली. पण एक गोष्ट मला फार आवडली. कागद फुकट जात नव्हता. आमच्या घरी कोरा कागद मोलाचा होता. येथे पुसले, की पुन्हा कोरे.

पुढे बी.एड.ला असताना सराव पाठांसाठी शैक्षणिक साधने करावी लागत. सगळ्याजणी कार्डशीटवर तक्ते रंगवत. मी संगणकावर तक्ता काढून चार तुकड्यांत छापला आणि डिंकाने जोडला. एव्हाना मला 'थर' ही युक्ती सापडली होती. समजा, चार काचा एकावर एक ठेवल्या. खालच्या काचेवर आकाश, त्यावरच्या काचेवर मोसम नदीचा पूल, तिसरीवर माणसे, चौथीवर अक्षरे. माणसे चुकली तर फक्त तिसरी काच पुसायची. पुलाला धक्का लागत नाही. चित्रकलेच्या कार्यक्रमांत अशा अदृश्य काचांना थर म्हणतात. नोकरी लागल्यावर, २०१६ साली, मी एक पाटी घेतली. तिच्यावर खास लेखणीने रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते आणि जोर दिला की जाड होते. बोरूची थोडीफार आठवण करून देणारे हे एवढे एकच साधन मला संगणकात भेटले. या लेखणीची कल्पनाही नवी नाही, बरे का! अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ सालीच प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघा काढून दाखवल्या होत्या.

रंगांनी मात्र मला बराच काळ चकवले. कागदावर लाल आणि हिरवा रंग मिसळा. मळकट तपकिरी होतो. पडद्यावर लाल आणि हिरवा मिसळला, की पिवळा! विश्वास बसत नाही ना? कागदावरचा रंग काही प्रकाश गिळतो आणि उरलेला आपल्याकडे पाठवतो. रंग मिसळले की गिळणे वाढते. पडदा स्वतः उजेड देतो. तेथे उजेडात उजेड मिळतो. मोबाइलच्या पडद्यावर पांढरे पान उघडा आणि बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगाचे काम करील आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. या तिघांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. २५६ ला २५६ ने आणि पुन्हा २५६ ने गुणा. उत्तर येते १,६७,७७,२१६. इतके रंग! पण मी एका चित्रात सहा-सातच्या वर जात नाही. जास्त रंग घेतले, की चित्राचे बाजारात मांडलेले फुग्यांचे दुकान होते.

आता अब्बांची गोष्ट पुढे नेते. मी आमच्या शाळेसाठी एक पाटी करायला घेतली होती. पाटी आठ फूट लांब होणार होती, म्हणून ठिपक्यांचे चित्र चालणार नव्हते. मोठे केले की रुमालावरच्या पोपटासारख्या पायऱ्या दिसल्या असत्या. अशा वेळी वक्ररेषा वापरतात. संगणक ठिपके लक्षात न ठेवता रेघेचे टोक कोठे आहे आणि ती कोणीकडे वळते, एवढेच लक्षात ठेवतो. चित्र कितीही मोठे करा, तो रेघ नव्याने मांडतो. फ्रान्समधील रेनो या मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणे आखण्यासाठी ही रीत वापरात आणली. आज तुम्ही जी छापील अक्षरे वाचता, त्यांच्या कडाही अशाच वक्ररेषांनी आखलेल्या असतात.

मी 'नून'चा दाइरा आखत होते. रात्र झाली होती. अब्बा पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे असे निरखून पाहिल्याचे मला आठवत नव्हते. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "बेटी, नूनचे पोट सुटले आहे."

मी रेघेची दांडी थोडी ओढली.

"इतके नाही. अंडे पाहिले आहेस ना? ते तिरके धर. हं. आता डावी बाजू किंचित वर."

एकेक केस एवढे अंतर ते सांगत होते आणि मी सरकवत होते. पंधरा मिनिटे एका अक्षरात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवरून कापडाचे गाठोडे काढले. "तुझ्या यंत्राला घडवता येत नाही, नक्कल करता येते," ते म्हणाले, "मी लिहून देतो." त्यांनी लिहिले, मी त्याचा फोटो घेतला आणि त्यावरून वक्ररेषा आखल्या. तीच पाटी आज फाटकावर आहे. त्यांची गेलेली नोकरी त्यामुळे परत आली नाही, आणि तो विषय आमच्यात कधी निघालाही नाही. पण आता ते माझ्या पडद्यावर हक्काने टीका करतात. कधीकधी जरा जास्तच!

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि शाळा बंद पडल्या. तेव्हा मी माझ्या वर्गाला रोज एक मराठी शब्द आणि त्याचे चित्र मोबाइलवर पाठवू लागले. उंबरठा. रांजण. धोटा. काही दिवसांनी मुलेही बोटाने काढलेली चित्रे उलट पाठवू लागली. एका मुलीने बंद कारखान्याचे दार काढले होते. दाराला कुलूप आणि कुलपावर कोळ्याचे जाळे. खाली तिने मराठीत लिहिले होते, 'आवाज नाही'. मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलीलाच हे सुचू शकते.

गेल्या काही वर्षांत, वाक्य लिहिले की क्षणात चित्र करून देणारे कार्यक्रमही आले आहेत. तुम्ही विचाराल, "मग आपा, तुम्ही रात्री बसून कशाला काढता?" हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. अब्बांच्या हातचे काम जाताना मी पाहिले आहे आणि चित्रे काढून पोट भरणाऱ्यांना आज तीच भीती आहे. माझे पोट शिकवण्यावर चालते, म्हणून मी निवांतपणे बोलू शकते. माझ्यापुरते उत्तर असे: मालेगावात जन्मून मी हजारो धोटे पाहिले, पण त्याची दोन्ही टोके धातूची आणि निमुळती असतात हे मला धोटा काढायला बसले तेव्हा दिसले. तयार चित्र मिळाले असते, तर ते दिसायचे राहून गेले असते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर क्रिता आणि इंकस्केप हे दोन कार्यक्रम विनामूल्य मिळतात. पहिला रंगवण्यासाठी, दुसरा वक्ररेषांसाठी. संगणक नसेल तरी अडत नाही. गणिताची चौकटींची वही घ्या. १६ आडवे आणि १६ उभे चौकोन आखा. त्यांत मराठीतला 'क' बसवा; फक्त काळे आणि पांढरे चौकोन. मग शेजारी तेवढ्याच जागेत उर्दूतला 'नून' बसवून पाहा. वही भिंतीला टेकवून दहा पावले मागे जा. कोणते अक्षर आधी ओळखू येते आणि कोणत्या चौकोनापाशी तुम्हाला अडायला झाले, ते उद्या वर्गात सांगा.